स्मार्टवॉचला धातूची चेन: कोणती घ्यावी, कशी जपावी

जालन्याच्या कारखान्यांतून निघालेली सळई बांधकामावर येऊन पडली आणि तिच्यावर एक पाऊस झाला की ती तांबूस होते. त्याच घरातलं स्टीलचं ताट रोज पाण्यात बुडतं, तरी वीस वर्षांनी चकचकीत असतं. दोन्हींत सगळ्यात जास्त वाटा लोखंडाचाच. फरक पडतो तो लोखंडात आणखी काय मिसळलंय त्याने. स्मार्टवॉचची चेन घेताना नेमकं हेच कोणी विचारत नाही. रंग बघतात, चमक बघतात, घड्याळाला बसते का तेवढं बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. मग दोन महिन्यांत मनगटाला खाज सुटते, सांध्यांतून काळं निघतं, सोनेरी रंग कडेकडेने उडतो, आणि एक दिवस पिन निसटून हजारो रुपयांचं घड्याळ बसस्टँडवर फरशीवर आपटतं.

चेनचं घड्याळ आपल्याकडे नवं नाही. १९६१ पासून बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली आणि लग्नात नवरदेवाला घड्याळ देणं ही रीतच होऊन बसली. पण ते घड्याळ बाहेर निघताना हातात चढायचं आणि घरी आलं की कपाटात जायचं. चेन दिवसातले काही तास अंगावर असायची, बाकी वेळ सुकायची. स्मार्टवॉच मात्र पावलं मोजायला दिवसभर आणि झोप मोजायला रात्रभर हातात असतं. चार्जिंगपुरतं निघालं तर निघालं. त्यातून आपल्याकडचा एप्रिल-मे, ४२-४३ अंशांचं ऊन, मनगटावर सतत घाम. म्हणजे पूर्वी कधी नव्हता एवढा वेळ धातू, घाम आणि कातडी एकमेकांना चिकटून असतात. म्हणूनच धातू कोणता आहे, चेन किती घट्ट आहे आणि ती सुकते का, या तीन गोष्टी मी रंगाच्या आणि ब्रँडच्या कितीतरी वर ठेवतो.

स्टीलला गंज का चढत नाही, आणि तरी कुठे चढतो

लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम मिसळलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार करतं. तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. त्याची जाडी काही नॅनोमीटर भरते. पण ओलावा आणि हवा आतल्या लोखंडापर्यंत पोचू देत नाही. या थराचा खरा गुण पुढे आहे: ओरखडा पडून तो तुटला, तर तिथल्या क्रोमियमला पुन्हा हवा लागते आणि थर आपोआप भरून येतो. इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये असं पोलाद बनवलं, तेव्हापासून ते भांड्यांपासून दवाखान्यातल्या हत्यारांपर्यंत सगळीकडे गेलं.

स्टेनलेसमध्येही जाती आहेत. चांगल्या ताटाच्या मागे ‘१८/८’ असा शिक्का असतो, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. यालाच ३०४ म्हणतात. घड्याळाच्या चांगल्या चेन ज्या स्टीलच्या असतात ते ३१६ एल. त्यात या दोन धातूंसोबत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. मॉलिब्डेनमचं काम एकच, मिठाला तोंड देणं. मीठ हा स्टेनलेसचा शत्रू आहे, कारण मिठातलं क्लोराइड तो पातळ थर जागोजागी फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. आपला घाम म्हणजे मिठाचंच पाणी, त्यात थोडं लॅक्टिक आम्ल. ‘एल’ म्हणजे कार्बन फार कमी, जास्तीत जास्त ०.०३ टक्के. त्यामुळे जोडकामाच्या जागी गंज धरण्याची शक्यता घटते.

स्वस्त चेनमध्ये बहुतेकदा यातलं काहीच नसतं. एकतर २०० क्रमांकाच्या मालिकेतलं स्टील असतं, ज्यात महाग निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं, किंवा कुठल्याशा मिश्रधातूवर निकेल-क्रोमचा मुलामा असतो.

पण चांगल्या स्टीललाही एक जागा अवघड जाते. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरातल्या दुकानांत कडं घ्यायला गेलं की स्टीलचं कडं आणि सर्बलोहाचं कडं, दोन्ही दिसतात. सर्बलोह म्हणजे निखळ लोखंड. ते घामाने गंजतं, म्हणून घालणारे ते पुन्हा पुन्हा घासून-पुसून जपतात. स्टीलच्या कड्याला असं काहीच करावं लागत नाही, कारण ते एकसंध आहे. त्याला फट नाही, सांधा नाही, सगळीकडून हवा लागते. घड्याळाची चेन त्याच स्टीलची असली तरी तिच्यात डझनावारी सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात पिन. घाम त्या फटींत शिरतो आणि तिथेच बसतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, दुसऱ्या दिवशी त्यावर नवा घाम. मिठाचं प्रमाण वाढत जातं आणि आत हवा मात्र पोचत नाही. संरक्षक थर भरून यायला ऑक्सिजन लागतो, तोच तिथे कमी. म्हणून चेन वरून लखलखीत दिसत असताना पिनपाशी गंज सुरू झालेला असतो.

एवढं लक्षात आलं की जपणुकीचं अर्धं काम कळतं. चेनचा बाहेरचा भाग कितीही पुसला तरी फारसं काही साधत नाही. मीठ बाहेर काढायचं ते फटींतून, आणि सुकवायच्या त्या फटीच.

दुकानात चेन हातात घेतल्यावर

पहिल्यांदा ती उलटी करून बाजूने बघा. भरीव कडी एका तुकड्यातून कापलेली असते. बाजूने तिच्यावर जोडाची रेघ दिसत नाही. स्वस्त चेनची कडी पत्रा दुमडून केलेली असते. बाजूने बघितलं तर पत्र्याच्या घड्या एकावर एक बसलेल्या स्पष्ट दिसतात, मध्ये पोकळी असते. अशी चेन हलवली की पत्र्याचा खुळखुळ आवाज येतो. या घड्यांत मनगटाचे केस अडकून उपटले जातात आणि मळ तर इतका साठतो की तो पुरता काढताच येत नाही. माझ्या मते पोकळ कडीची चेन रोजच्या वापराला घेऊच नये. त्यापेक्षा त्याच पैशांत चांगला सिलिकॉनचा पट्टा येतो, आणि तो बरा.

सोबत छोटा लोहचुंबक नेता आला तर न्यावा. ३०४ आणि ३१६ चुंबकाला चिकटत नाहीत किंवा वाकवताना-ठोकताना आलेल्या गुणामुळे अगदी किंचित ओढ दाखवतात. चेन चुंबकाला टपकन चिकटली तर ती या जातीची नाही असं समजावं. उलट मात्र खरं नाही: चिकटली नाही म्हणजे ३१६ एल असेलच असं नाही, कारण २०० मालिकेतलं स्टीलही चिकटत नाही. लॉकवर ‘३१६ एल’ कोरलेलं असणं हाही पुरावा नव्हे. कोरायला काय लागतं. तेव्हा भरीव कड्या, गुळगुळीत कडा, लॉकची ठाम ‘टक्’ आणि बिल देणारा दुकानदार, हे सगळं मिळून अंदाज बांधायचा.

आता रंग. साध्या स्टीलच्या रंगाची चेन घ्या, हा माझा स्पष्ट सल्ला. काळा आणि सोनेरी रंग दोन तऱ्हांनी चढवतात. चांगल्या तऱ्हेला पीव्हीडी म्हणतात. हवा काढून घेतलेल्या पेटीत धातूची वाफ करून ती चेनवर बसवतात. सोनेरी रंगासाठी बहुतेकदा टायटॅनियम नायट्राइड वापरतात. ते कठीण असतं आणि बरीच वर्षं टिकतं. तरी हा थर एक ते काही मायक्रॉन जाडीचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून काय ते समजा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा मुलामा किंवा नुसता रंग. टेबलाच्या कडेला, मोटारसायकलच्या हँडलला घासून तो लॉकपाशी आधी उडतो. साध्या स्टीलवर ओरखडा पडला तर आत स्टीलच असतं. रंगवलेल्यावर ओरखडा पडला की आतला वेगळा धातू डोळ्यांत भरतो, आणि तो धातू निकेलचा थर असेल तर कातडीला तोच लागतो.

टायटॅनियमची चेन परवडत असेल तर आपल्या हवेला तिच्यासारखी दुसरी नाही. स्टीलची घनता पाण्याच्या जवळपास आठ पट, टायटॅनियमची साडेचार पट. म्हणजे त्याच आकाराच्या चेनचं वजन निम्म्याहून थोडंच जास्त. घामाने गंजत नाही आणि अंगाला सहसा खाज आणत नाही. फक्त शुद्ध टायटॅनियम मऊ असतं, त्यावर चरे लवकर पडतात. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेलं ‘ग्रेड ५’ त्याहून कठीण असतं. रंग करडा, चमक कमी. लग्नकार्यात उठून दिसावी अशी अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही.

तारांच्या बारीक विणीची चेन, जिला मिलानीज म्हणतात, तिला कड्या काढण्याची भानगड नाही. लॉक हवं तिथे सरकवलं की झालं. बऱ्याच मिलानीज चेनचं लॉक चुंबकाचं असतं, त्यामुळे घड्याळातलं होकायंत्र चुकू शकतं. छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी चुंबकाचं लॉक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. विणीत मळ अडकतो, पण ती धुवायला कड्यांच्या चेनपेक्षा सोपी जाते.

माप

घड्याळाला चेन जिथे बसते त्या खाचेची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची. बाजारात १८, २० आणि २२ ही मापं चालतात. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते, पण माप नेमकं हवं. २२ ची चेन २० च्या खाचेत जाणारच नाही. २० ची २२ मध्ये जाते, आणि तिथेच लोक फसतात: चेन डावी-उजवीकडे हलत राहते, चेन घड्याळाला धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन वाकते आणि घड्याळ पडतं. ॲपलच्या घड्याळाला अशी पिन नसते, चेन खाचेत आडवी सरकवतात, त्यामुळे तिथे घड्याळाच्या आकारानुसारच चेन मागावी लागते.

घड्याळ गोल असेल तर चेनचं टोक त्या गोलाईला जुळणारं वाकदार आहे का तेही बघा. सरळ टोकाची चेन गोल घड्याळाला बसते, पण मध्ये फट राहते. दिसायला नाही बरं, आणि वापरायला त्यात तोटाही नाही. उलट ती फट धुवायला सोपी.

मनगटाचं माप सुतळीने घ्यावं, तेही संध्याकाळी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत हात थोडा सुजतो. सकाळी गार पाण्याने अंघोळ करून बेताची बसवलेली चेन दुपारी तीनला आवळायला लागते. म्हणून लॉकमध्ये बारीक फेरफार करायची सोय असलेली चेनच घ्यावी. जुन्या पद्धतीच्या लॉकच्या बाजूला तीन-चार बारीक भोकं असतात, पिन एका भोकातून दुसऱ्यात टाकली की चेन दोन-तीन मिलिमीटर सैल होते. दोन्ही बाजूंनी पंखांसारख्या मिटणाऱ्या लॉकमध्ये ही सोय सहसा नसते. त्याची आणखी एक अडचण: अशी चेन पूर्ण उघडून सपाट होत नाही, त्यामुळे घड्याळ चकतीच्या चार्जरवर नीट टेकत नाही. ते आडवं ठेवून चार्ज करावं लागतं.

कड्या कमी करणं हे काम घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलेलं बरं. तालुक्याच्या प्रत्येक गावात, बसस्टँडच्या आसपास असा एक तरी माणूस काचेची पेटी मांडून बसलेला असतो. “मामा, दोन कड्या काढा” म्हटलं की तो चेन आधी तुमच्या मनगटाभोवती धरतो आणि लॉक कुठे येतंय ते बघतो. लॉक मनगटाच्या खालच्या बाजूला बरोबर मध्ये यायला हवं. म्हणून कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढायच्या. संख्या विषम आली तर जास्तीची कडी सहाच्या आकड्याकडच्या बाजूने. मग तो चेन लाकडी ठोकळ्यावर धरतो आणि कडीच्या आतल्या अंगाला कोरलेला बारीक बाण शोधतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर निघते आणि परत बसवताना उलट्या दिशेने आत जाते. टोकदार हत्यार पिनवर ठेवून छोट्या हातोडीचे दोन हलके ठोके, पिन अर्धी बाहेर येते, उरलेली चिमट्याने. काही चेनमध्ये पिनवर तिळाएवढी एक नळी असते; पिन निघताना ती गुपचूप खाली पडते. ती हरवली तर पिन पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. घरी हा उद्योग करायचाच असेल तर पांढऱ्या कापडावर करा, म्हणजे ती नळी दिसेल.

घट्ट किती, आणि केव्हा काढावी

घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ नाडी मोजतं. घड्याळ आणि कातडी यांत फट पडली की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा चुकतो. धातूच्या चेनची अडचण इथे आहे. तिला ताण नसतो, ती वजनाने खाली सरकते, आणि हात हलला की घड्याळ उसळतं.

बसून काम करताना, चालताना हे चालून जातं. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घ्यावं आणि करंगळी जेमतेम जाईल एवढी चेन असावी. पण पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुला-मुलींनी धातूच्या चेनवर नाडीचे आकडे बघून सराव ठरवू नये. ते आकडे भरवशाचे नसतात. धावायला सिलिकॉनचा किंवा कापडी पट्टा लावावा. आता बहुतेक पट्ट्यांना बोटाने मागे ओढायची पिन असते, बदलायला मिनिटही लागत नाही. खरं तर मी तर म्हणेन की धातूची चेन घेणाऱ्याने दुसरा साधा पट्टा सोबतच घ्यावा. ऑफिसला, कार्याला चेन. व्यायामाला, झोपेला, शेतात पट्टा. त्याने चेनलाही रोज काही तास सुकायला मिळतात, जे तिला सगळ्यात गरजेचं आहे.

मनगटाला खाज सुटली तर

दोन वेगळी कारणं असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा.

पहिलं साधं. चेनखाली घाम, साबणाचा फेस, धूळ अडकून कातडी ओली राहते आणि जळजळते. बहुतेकदा घड्याळाच्या पोटाखालीच लाल चौकोन किंवा गोल उमटतो. घड्याळ दोन-चार दिवस काढून ठेवलं, जागा कोरडी ठेवली आणि चेन धुतली की बरं होतं.

दुसरं कारण निकेलची ॲलर्जी. ही लगेच कळत नाही. धातू लागल्यापासून एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, कधी बारीक पाण्याचे फोड येतात. जिथे धातू टेकतो तिथेच येतात, म्हणजे लॉकखाली एक पट्टा, कड्यांखाली ठिपके. एक खूण बहुतेक घरांत आधीच माहीत असते: नकली कानातलं घातलं की ज्या मुलीचा कान चिघळतो, जीन्सच्या बटणाखाली ज्याच्या पोटाला चट्टा येतो, त्यांना निकेल सोसत नाही. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ३१६ एल स्टीलमध्ये निकेल १० ते १४ टक्के असतं, म्हणजे ताटाच्या स्टीलहून जास्त. तरी ते बहुतेकांना सोसतं, कारण निकेल किती आहे यापेक्षा कातडीवर किती सुटतं याला महत्त्व आहे, आणि चांगल्या स्टीलमधून ते फार कमी सुटतं. युरोपात कायदाही याच हिशेबाने आहे: अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूमधून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये. निकेलचा मुलामा दिलेली स्वस्त चेन मात्र घामात भरपूर निकेल सोडते. म्हणून ज्याला कानातल्यांचा त्रास आहे त्याने टायटॅनियम घ्यावं किंवा धातूच्या वाटेला जाऊ नये. चेन बदलूनही चट्टे राहिले, पसरले, त्यातून पाणी यायला लागलं तर मेडिकलवरून मनाने मलम आणू नका. त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना ती चेनही घेऊन जा.

धुणं आणि सुकवणं

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांतून एकदा. चेन घड्याळापासून वेगळी करायची, हे आधी. घड्याळ पाण्याला टिकणारं असलं तरी साबण त्याच्या रबरी सीलला बाधतो. कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचे किंवा भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, चेन दहा मिनिटं भिजत ठेवायची. मग मऊ ब्रशने घासायची, पण वरून नाही: चेन बोटावर उलटी वाकवली की कड्यांमधल्या फटी उघडतात, ब्रश त्या फटींत चालवायचा. पहिल्यांदा धुताना पाणी करडं होतं. तो साठलेला मळ, तेल आणि मृत कातडी असते. लॉक उघडून त्याच्या आतल्या बिजागरीतही ब्रश फिरवा. सगळ्यात जास्त घाण तिथे असते.

शेवटचं खंगाळणं बोअरच्या पाण्याने करू नये. आपल्याकडे कित्येक गावांत बोअरचं पाणी जड असतं. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला जो पांढरा थर बसतो तोच फटींत बसतो, कड्या करकरतात, आणि त्या थराखाली मीठ-मळ दबून राहतो. पिण्याच्या जारचं वाटीभर पाणी शेवटी ओतलं तरी पुष्कळ. पांढरा थर आधीच बसला असेल तर पाण्यात थोडं लिंबू पिळून साध्या स्टीलची चेन पाच मिनिटं बुडवा आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. रंगीत चेनला हे करू नका.

मग झटकून, सुती फडक्याने टिपून, पंख्याखाली पसरून ठेवा, तासभर तरी. वरून कोरडी दिसली म्हणून लगेच घालू नका. फटीतलं पाणी उशिरा सुकतं.

ब्लीच आणि संडास धुवायचं आम्ल यांच्या जवळपासही चेन नको. क्लोराइड तिथे घामाच्या कितीतरी पट असतं आणि एका धुण्यात खड्डे पडू शकतात. टूथपेस्टने चमक येते हे खरं, पण तिच्यात घासणारी पूड असते, ती पॉलिशवर बारीक रेघा पाडते. अत्तर, डिओ, डासांचं मलम लावून वाळू द्यावं, चेन नंतर चढवावी. हळदीच्या कार्यक्रमात आणि रंगपंचमीला घड्याळ घरी ठेवावं. हळद स्टीलवरून निघते, पण तेलात कालवलेली हळद विणीच्या चेनमधून काढता काढता जीव जातो.

ओरखडे हा धातूचा स्वभाव आहे. रेघारेघांच्या मंद पॉलिशची साधी स्टीलची चेन असेल तर भांडी घासायची हिरवी घासणी त्या रेघांच्याच दिशेने, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवली की बारीक चरे मिसळून जातात. आरशासारख्या चकचकीत किंवा रंगीत चेनला घासणी लावली की ती कायमची बिघडली.

जिथे चेन हातात नकोच

हे शेवटी लिहितोय, पण आधी वाचावं असं आहे.

ट्रॅक्टरच्या किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर काम करताना धातूची चेन आणि अंगठी काढून ठेवा. लोकांना वाटतं, १२ व्होल्टचा काय शॉक बसणार. शॉक बसत नाही, ते बरोबर. पण पाना एका टोकाला लागला आणि चेन पान्याला नि ट्रॅक्टरच्या लोखंडाला एकाच वेळी टेकली, तर बॅटरीचा सगळा करंट चेनमधून जातो, शेकडो अँपिअर. चेन क्षणात लालबुंद होऊ शकते आणि ती मनगटाभोवती बंद असते, झटकून टाकता येत नाही. अशा भाजण्याने खोल इजा झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडताना तर तीन फेजची वीज असते, तिथे हाताला धातू हवाच कशाला.

कडबाकुट्टी, लेथ, ड्रिल, मळणी यंत्र यांच्यापाशीही तेच. सुती बाही अडकली तर एखादवेळी फाटून तरी जाते, स्टीलची चेन फाटत नाही, हात ओढून नेते. वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे शिकवलेलं असतं. शेतावर शिकवणारं कोणी नसतं, म्हणून घरातल्या जाणत्यांनी पोरांना सांगायला हवं. कपाशी-सोयाबीनवर फवारणी करतानाही चेन नको. औषध फटींत शिरतं, आणि अंघोळ झाल्यावर तीच चेन पुन्हा मनगटावर चढते.

स्प्रिंगच्या दोन पिना वर्ष-दीड वर्षाने बदलून घ्या, किंमत अगदी किरकोळ असते. मधून मधून घड्याळ एका हातात आणि चेन दुसऱ्या हातात धरून हलकं ओढून बघा. पिन लचकली किंवा सांध्यापाशी तांबूस दिसलं की थांबू नका. आणि काढलेल्या कड्या दुरुस्तीवाल्याकडे सोडून येऊ नका. त्या चेनच्या सुट्या कड्या पुढे बाजारात मिळत नाहीत. वजन वाढलं, चेन भावाला दिली, एखादी कडी खराब झाली तर त्याच लागतात. पिना आणि नळ्यांसकट छोट्या पाकिटात घालून त्या घड्याळाच्या खोक्यात ठेवा, पाकिटावर मापही लिहून.